उसाच्या पट्ट्यातला गॅस साफ करणारं मेम्ब्रेन इथंच का बनू नये?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही महिने आपल्या पेपरात साखर कारखान्यांच्या सीबीजी (कॉम्प्रेस्ड बायोगॅस, म्हणजे साफ करून दाबलेला बायोगॅस) प्रकल्पांच्या बातम्या सारख्या येतायत, कुठं भूमिपूजन, कुठं ट्रायल सुरू, कुठं गॅसची पहिली गाडी पंपावर रवाना. मी त्या सगळ्या वाचतो कारण माझं कामच गॅस साफ करायच्या सेक्शनमध्ये आहे आणि त्याआधी शिकत असताना लॅबमध्ये पॉलिमरच्या (म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंच्या, प्लास्टिकसारख्या पदार्थांच्या) फिल्म बनवण्यात बराच काळ गेलाय. बातमीत प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) किती टन, डायजेस्टर (तो कुजवून गॅस काढायची बंद टाकी) केवढा, गुंतवणूक किती कोटी, खत किती निघणार हे सगळं असतं. पण डायजेस्टरमधून निघालेला गॅस आणि गाडीतल्या सिलिंडरमध्ये भरलेला गॅस या दोन्हीच्या मधे काय होतं याबद्दल एक ओळ नसते, आणि माझ्या मते प्रकल्प परवडतो की नाही हे बरंचसं तिथंच ठरतं. म्हणून हे पत्र. लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

प्रेसमड असो, शेण असो की डिस्टिलरीचा स्पेंटवॉश (मद्यार्क काढून उरलेलं सांडपाणी), डायजेस्टरमधून येतो तो गॅस काही नुसता मिथेन नसतो, त्यात ५० ते ६५ टक्के मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, वर पाण्याची वाफ आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. गावातल्या गोबरगॅसच्या शेगडीला हे चालतं, निळसर ज्योत येते, भाकरी होते. पण गाडीत भरायचा असेल तर सीबीजीच्या भारतीय मानकाप्रमाणे मिथेन किमान ९० टक्के लागतो. म्हणजे जवळपास ४० टक्के असलेला कार्बन डायऑक्साइड काढून टाकायचा, आणि तो काढताना मिथेन जाऊ द्यायचा नाही, खरं अवघड काम हे दुसरं आहे. कार्बन डायऑक्साइड कुठल्याही पद्धतीने काढता येतो हो, त्याच्याबरोबर किती मिथेन जातो ते विचारा.

साधा हिशोब करून बघा. प्लांटमध्ये रोज पाच टन मिथेन तयार होतोय आणि साफ करताना त्यातला ४ टक्के निसटला, तर रोजचे २०० किलो गेले. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राची ‘सतत’ नावाची सीबीजी योजना सुरू झाली तेव्हा ४६ रुपये किलो भाव ठरला होता, त्या भावाने धरलं तरी रोजचे ९,२०० रुपये हवेत गेले, आणि हे चिमणीतून गेलेलं कुणाला दिसतही नाही, वासही येत नाही. शिवाय मिथेन हा शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७ पट तापमान वाढवणारा वायू आहे, म्हणजे ते २०० किलो रोज साडेपाच टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखंच झालं. ज्या प्रकल्पाला आपण हरित म्हणून फीत कापतो त्याच्याच शेपटातून हे होत असेल तर त्यावर बोललंच पाहिजे.

आता पद्धती. एक म्हणजे पाण्याने धुणं, दाबाखाली पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो, मिथेन कमी, पद्धत जुनी आणि भरवशाची, पण पाणी फिरवायला मोठे पंप लागतात आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या कित्येक तालुक्यांत पाण्याचा विषय काय असतो ते सांगायला नको. दुसरी अमाइनची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या द्रावणाने धुवायची, त्यात मिथेन फार कमी जातो पण द्रावण परत तापवायला वाफ लागते, कारखाना चालू आहे तोपर्यंत वाफ आहे, हंगाम संपला की काय? तिसरी पीएसए, म्हणजे दाब कमीजास्त करून शोषून घ्यायची, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बसवलेली आहे. आणि चौथी मेम्ब्रेनची, जिच्याबद्दल मला बोलायचंय.

मेम्ब्रेन म्हणजे प्लास्टिकच्या बारीक पोकळ नळ्या, केसापेक्षा थोड्या जाड, अशा हजारो नळ्या एका स्टीलच्या पाइपात भरून दोन्ही टोकांना इपॉक्सीने सील करतात, त्याला मॉड्यूल म्हणतात. १० ते १६ बार दाबाने बायोगॅस आत सोडला की कार्बन डायऑक्साइड नळीच्या भिंतीतून आरपार बाहेर जातो आणि मिथेन पुढच्या टोकाला निघतो. पाणी नाही, रसायन नाही, वाफ नाही, वीज लागते ती कॉम्प्रेसरला. आणि एक गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते, मिथेन दाबाच्याच बाजूला राहतो, म्हणजे दाबायला घातलेली वीज सगळी वाया जात नाही, पुढे त्याला २००-२५० बारला न्यायचंच असतं, त्यातला पहिला टप्पा तिथंच झालेला असतो.

लोकांना वाटतं ही चाळणी आहे, बारीक भोकं असणार. पण चांगल्या मेम्ब्रेनच्या त्या वरच्या पातळ थरात भोक नसतंच. वायू आधी प्लास्टिकमध्ये विरघळतो, मग पॉलिमरच्या साखळ्या सतत हलत असतात त्यांच्यामधल्या फटींतून सरकत दुसऱ्या बाजूला निघतो. कार्बन डायऑक्साइडचा रेणू ०.३३ नॅनोमीटर, मिथेनचा ०.३८, फरक एवढुसा, पण तेवढ्यावर एक पुढे सरकतो आणि दुसरा अडखळतो. शिवाय कार्बन डायऑक्साइड पटकन द्रव होणारा वायू आहे, ३१ अंशांच्या खाली दाबाने त्याचा द्रव करता येतो, मिथेनला त्यासाठी उणे ८२ अंशांपर्यंत न्यावं लागतं, म्हणून प्लास्टिकमध्ये विरघळतोही तोच जास्त. दोन्ही गोष्टी आपल्या बाजूने आहेत.

मग अडचण कुठं? अडचण अशी की जे प्लास्टिक गॅस भराभर जाऊ देतं ते निवड करत नाही आणि जे निवड करतं ते सावकाश जाऊ देतं. सिलिकॉन रबरातून कार्बन डायऑक्साइड ३००० बॅररच्या वर जातो (बॅरर हे गॅस पार होण्याचं माप) पण मिथेनच्या तुलनेत फक्त तिप्पट सव्वातिप्पट. पॉलिसल्फोनमध्ये पाच-सहा बॅरर पण निवड (म्हणजे कार्बन डायऑक्साइड मिथेनच्या किती पट जातो) २२ च्या आसपास. मॅट्रिमिड नावाचं पॉलिइमाइड आहे त्यात दहाएक बॅरर आणि निवड ३५ च्या घरात. लॉइड रोबेसन या शास्त्रज्ञाने १९९१ मध्ये असे सगळे आकडे एका आलेखावर मांडले आणि वरती एक तिरकी रेघ काढली की याच्या पुढे कोणी जात नाहीये, २००८ मध्ये त्याने ती रेघ थोडी वर सरकवली. तेव्हापासून जगभरातल्या लॅब त्या रेघेच्या मागे आहेत.

नवीन पॉलिमर बनवून ती रेघ ओलांडता येते, लोकांनी ओलांडलीही आहे. मँचेस्टरमध्ये २००४ च्या सुमारास पिम-१ नावाचं पॉलिमर निघालं, त्याच्या साखळ्या इतक्या वाकड्यातिकड्या आणि ताठ की त्या एकमेकींना चिकटून बसूच शकत नाहीत, मधे जागा राहते, आणि कार्बन डायऑक्साइड हजारो बॅररने जातो. पण बनवायला महाग, आणि काळ जाईल तशी ती जागा बसत जाते आणि वेग उतरतो. नवीन रेणू शोधणं, तो किलोने बनवणं, टनाने बनवणं, मग त्याच्या नळ्या ओढणं याला आपल्याकडच्या कुठल्या लॅबला कोण एवढी वर्षं पैसे देणार आहे?

म्हणून मला ब्लेंडचा रस्ता आपल्यासाठी जास्त खरा वाटतो. ब्लेंड म्हणजे माहीत असलेले दोन पॉलिमर एकाच सॉल्व्हंटमध्ये विरघळवून एकत्र करायचे, एकाचा वेग घ्यायचा आणि दुसऱ्याची निवड किंवा दुसऱ्याचा टिकाऊपणा घ्यायचा. नवीन फॅक्टरी नको, नवीन रेणू नको. सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी २०१२ मध्ये मॅट्रिमिडमध्ये फक्त ५ टक्के पिम-१ घातलं तर कार्बन डायऑक्साइडचा वेग २५ टक्क्यांनी वाढला, १० टक्के घातलं तर ७७ टक्क्यांनी, आणि मिथेनविरुद्धची निवड उतरली नाही. म्हणजे महागाचं पॉलिमर चिमूटभर आणि बाकी बाजारात मिळणारं. जर्मनीत गीस्टाख्टला २००८ मध्ये पेबॅक्स या प्लास्टिकमध्ये निम्मं पॉलिइथिलीन ग्लायकॉल मिसळून कार्बन डायऑक्साइडचा वेग दुप्पट झाला, आणि हे ग्लायकॉल म्हणजे औषधात आणि क्रीममध्ये वापरतात तेच, त्याच्या ऑक्सिजनला कार्बन डायऑक्साइडचं आकर्षण आहे म्हणून हे होतं.

पण दोन पॉलिमर मिसळतातच असं नाही, उलट बहुतेक मिसळत नाहीत. साखळ्या इतक्या लांब असतात की विस्कळीत होऊन त्यांना मिळणारा फायदा फार थोडा, त्यामुळे एकमेकांना धरून ठेवणारं काहीतरी लागतं, हायड्रोजन बंध वगैरे. मॅट्रिमिड आणि पॉलिबेन्झिमिडाझोल म्हणजे पीबीआय यांचं जमतं ते त्यामुळेच, एकीकडच्या रेणूतला एन-एच गट दुसरीकडच्या कार्बोनिल गटाला धरतो. हे मी हाताने केलेलं काम आहे म्हणून थोडं सविस्तर सांगतो. दोन्ही पावडरी ओव्हनमध्ये कोरड्या करून घ्यायच्या, एनएमपी नावाच्या सॉल्व्हंटमध्ये (हुडखाली, हातमोजे घालून, ते अंगावर घेण्यासारखं नाही) रात्रभर ढवळत ठेवायच्या, सकाळी मधासारखं दाट, पिवळसर तपकिरी द्रावण मिळतं, ते गाळायचं, बुडबुडे जाऊ द्यायचे, आणि काचेवर ओतून कास्टिंग नाइफने एका दमात ओढायचं. मग मंद गरम, मग व्हॅक्यूम ओव्हनमध्ये दिवसचे दिवस, कारण एनएमपी सहज निघत नाही आणि थोडं जरी आत राहिलं तरी पुढचे सगळे आकडे चुकतात. काचेवरून फिल्म सोडवून खिडकीसमोर धरली की कळतं, आरपार स्वच्छ दिसली तर मिसळलंय, दुधाळ दिसली तर दोघं आतल्या आत वेगळे झाले. नंतर डीएससी मशीनवर बघतात, काचेसारखं कडक असलेलं पॉलिमर कुठल्या तापमानाला मऊ पडतं ते, एकच तापमान आलं तर ब्लेंड एकजीव, दोन आली तर नाही.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या हवेत हे काम करून बघा! एनएमपी हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी हे या पॉलिमरना नको असतं, ते बाहेर पडायला लागतात, आणि दिवसा स्वच्छ दिसणारी फिल्म ओव्हनमध्ये जायच्या आधीच कडेने पांढरी पडत जाते. परदेशातल्या शोधनिबंधांत हे लिहिलेलं नसतं. मग कास्टिंगचा बॉक्स कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवायचा वगैरे उपाय आपले आपणच करावे लागतात, मला वाटतं असलं ज्ञान इथं काम केल्याशिवाय कुणी आयतं देणार नाही.

कारखान्याच्या बाजूने आता. मी ज्या प्रकारच्या प्लांटवर काम केलंय तिथं मेम्ब्रेनची मॉड्यूलं बाहेरून आलेली असतात. एके ठिकाणी कॉम्प्रेसरचं तेल फिल्टर ओलांडून पुढे गेलं, मॉड्यूलांवर तेलाचा थर बसला, मिथेनची शुद्धता खाली आली, आणि नवीन मॉड्यूल मागवली तर पुरवठादाराचं उत्तर की माल परदेशातून यायचा, थांबा. तोपर्यंत प्लांट अर्ध्या ताकदीवर आणि बाहेर प्रेसमडचे ढीग, आणि प्रेसमड काही थांबत नाही, उघड्यावर पडलं की आपोआप कुजतं आणि त्यातला गॅस कमी कमी होत जातो. इथं कोणी ती नळी बनवत असता तर? दुरुस्तीला माणूस पुण्याहून आला असता.

आणि हे अशक्य नाहीये. पुण्यात पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे, तिथं पीबीआयची रचना बदलून त्यातून वायू किती जातात यावर २००६ च्या सुमारासच संशोधन झालेलं आहे, म्हणजे ज्याला आपण ब्लेंडमधला एक भिडू म्हणतोय त्याच्यावर आपल्याच गावात हात बसलेला आहे. भावनगरला सीएसएमसीआरआय (केंद्र सरकारची मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था) आहे, मेम्ब्रेनचं काम तिथं पूर्वीपासून चालतं. मांजरीला व्हीएसआय (वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट) आहे, साखर कारखान्यांची नस त्यांना माहीत. मुंबईत आयआयटी आणि माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था). माणसं आहेत, मशीनं आहेत, ऊस तर आहेच. नाही आहे तो मधला पूल.

तो मधला भाग म्हणजे काय ते सांगतो, माझा सगळा मुद्दा तोच आहे. लॅबमध्ये टेस्ट होते ती बहुतेक वेळा सिलिंडरमधल्या शुद्ध, कोरड्या वायूवर, ३५ अंशांना, एका वेळी एकच वायू, पन्नासेक मायक्रॉन जाडीच्या फिल्मवर. कारखान्याचा गॅस ओला असतो, त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो (स्पेंटवॉशच्या गॅसमध्ये तर हजारो पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजारो भाग), कधी थोडा अमोनिया असतो जो पॉलिइमाइडच्या रिंगवरच हल्ला करतो, कॉम्प्रेसरच्या तेलाची वाफ असते, आणि दोन्ही वायू एकत्र येतात तेव्हा ते एकमेकांची जागा अडवतात. शिवाय खऱ्या नळीचा काम करणारा थर मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्यासारखा पातळ असतो आणि पातळ थर जाड फिल्मपेक्षा फार लवकर म्हातारा होतो. त्यामुळे लॅबमधली ३५ ची निवड कारखान्यात किती राहील हे कागदावरून सांगता येत नाही, तिथं लावूनच बघावं लागतं, आणि एक दिवस नाही, अख्खा हंगाम.

आणि इथंच बायोगॅसची एक चांगली बाजू आहे जी कुणी सांगत नाही. जमिनीतल्या नैसर्गिक वायूसाठी १९८० च्या दशकापासून सेल्युलोज अ‍ॅसिटेटची मेम्ब्रेन वापरतात, तिथं दाब प्रचंड, आणि जास्त दाबाला कार्बन डायऑक्साइड प्लास्टिकमध्ये इतका शिरतो की ते फुगतं, साखळ्या सैल होतात आणि मिथेनलाही वाट मिळते. याला प्लास्टिसायझेशन म्हणतात आणि मॅट्रिमिडमध्ये शुद्ध कार्बन डायऑक्साइडच्या १२-१५ बारच्या आसपास ते सुरू होतं, ब्लेंड करून ते पुढे ढकलता येतं. पण आपल्या बायोगॅसमध्ये एकूण दाब १६ बार धरला आणि कार्बन डायऑक्साइड ४० टक्के, तर त्याच्या वाट्याचा दाब साडेसहा बारच्याही आत. म्हणजे नव्या मेम्ब्रेनची पहिली परीक्षा द्यायला तेल कंपनीच्या विहिरीपेक्षा आपला साखर कारखाना बरा, सोपा पेपर आहे. सल्फाइड आधी काढून घेतला आणि गॅस थंड करून वाळवला की तो आणखी सोपा होतो. एवढी आयती संधी दाराशी असताना आपण ती वापरत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

हेही मान्य करतो की एका टप्प्यात काम होत नाही. निवड ३०-३५ असेल तर एकाच मॉड्यूलमधून ९० टक्क्यांच्या बरंच वरचं शुद्ध मिथेनही मिळेल आणि निसटणंही होणार नाही असं होत नाही, म्हणून दोन किंवा तीन टप्पे लावून बाहेर गेलेला गॅस परत कॉम्प्रेसरला आणतात. युरोपातले प्लांट तसेच चालतात आणि मिथेन ९९ टक्क्यांपर्यंत राखतात. पण जेवढा गॅस परत फिरवायचा तेवढी वीज जास्त, आणि मेम्ब्रेनची निवड जेवढी चांगली तेवढं फिरवणं कमी. ब्लेंडने निवड थोडीशी जरी वाढली तरी ती दर महिन्याच्या वीजबिलात दिसते, नुसत्या शोधनिबंधात नाही.

सतत योजनेत २०२३-२४ पर्यंत ५००० प्लांटचं लक्ष्य होतं, आपण त्याच्या आसपासही पोचलो नाही. आता २०२५-२६ पासून शहर गॅस कंपन्यांना सीबीजी मिसळणं बंधनकारक झालंय, १ टक्क्यापासून सुरू करून २०२८-२९ ला ५ टक्के. म्हणजे मागणी येणार आहे, प्लांट येणार आहेत, आणि दर प्लांटबरोबर मेम्ब्रेन नाहीतर पीएसए नाहीतर पाण्याने धुणारा स्क्रबर विकत घेतलं जाणार आहे. हे पैसे जाणारच आहेत, कुठं जाणार एवढंच ठरवायचंय.

तर कारखान्याच्या संचालक मंडळांना माझी विनंती की टेंडर काढताना नुसती शुद्धता लिहू नका, मिथेन किती टक्के वाया जाणार याची लेखी हमी मागा आणि बाहेर जाणाऱ्या गॅसवर मीटर बसवा. तेल कंपन्या आणि सरकार यांनी नव्या पॉलिमरच्या शोधाइतकेच पैसे खऱ्या गॅसवरच्या चाचणीला द्यावेत. आणि आपल्या वार्ताहरांनी पुढच्या प्लांटवर गेल्यावर चेअरमनसाहेबांबरोबर गॅस सेक्शनच्या ऑपरेटरशीही बोलावं, तो खरा आकडा सांगेल.

चाचणीला फार काही लागत नाही हो. सल्फाइड काढून वाळवलेल्या गॅसच्या मेन लाइनवरून एक इंची नळी, तिला व्हॉल्व्ह आणि प्रेशर रेग्युलेटर, हाताएवढ्या दोन-तीन मॉड्यूलांची चौकट, दोन्ही बाजूंना फ्लो मीटर, आणि आठवड्यातून एकदा नमुना घेऊन गॅस क्रोमॅटोग्राफवर (गॅसमध्ये काय किती आहे ते मोजणारं मशीन) तपासायला एक माणूस. उत्पादनाला धक्का लागत नाही, वापरलेला गॅस परत लाइनला जोडता येतो. पुढच्या गाळपात आपल्या भागातला एखादा कारखाना ही एक इंची नळी द्यायला तयार असेल आणि पुण्यातली एखादी लॅब नळ्या ओढून द्यायला तयार असेल, तर चौकट उभी करायला आणि नोंदी ठेवायला माझ्यासारखे या सेक्शनमध्ये काम करणारे लोक सुट्टीच्या दिवशी येतील, मी तर नक्की येईन.

आपला,
एक वाचक, कराड